बारा वर्षांची व्हिंटेज गाडी

सॉल्ट लेक, कोलकाता
१४ जुलै २०२५

चि. विनीता,

आशीर्वाद आधी देऊन टाकतो, कारण पुढे भांडण आहे. तुझ्याशी नाही, तुझ्या खात्याशी. पण तू पुण्याच्या विमा कचेरीत मोटार विभागात बसतेस, तेव्हा खात्याच्या वतीने तूच ऐकून घे.

माझ्या गाडीचा विमा ३० ऑगस्टला संपतो. नूतनीकरणाचा कागद आला. त्यावर गाडीची जी किंमत धरली आहे ती पाहून मला वाटलं, चुकून कुणाच्या तरी स्कूटरची घातली. गाडी २०१३ सालची, करडी, तुझ्या वृंदाकाकूने रंग निवडलेली. वर्षभरात ती चालते किती? इथल्या रिवाजाने विश्वकर्मा पूजेला तिला हार पडतो, आपल्या रिवाजाने दसऱ्याला झेंडू. एवढ्या दोन पूजा, महिन्या-दोन महिन्यांनी बजबज गावाला माझ्या कामगार संघटनेच्या दिवसांतल्या सुरेशकडे एक फेरी, आणि अनंत चतुर्दशीला इथल्या मराठी मंडळाचा गणपती बागबाजारच्या घाटापर्यंत. बाकी दिवस ती कापड पांघरून उभी असते. अशी गाडी आणि अ‍ॅपवर दिवसरात्र भाडी मारणारी गाडी, दोघींना तुमचं खातं एकाच तारखेने म्हातारं करतं. माणसाचं वय तारखेने मोजा, त्याला इलाज नाही. यंत्राचं वय त्याच्या श्रमाने मोजलं पाहिजे. श्रमाचा हिशोब नाकारणाऱ्यांशी मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून भांडलो. निवृत्त झालो म्हणून ती भूमिका सोडणार नाही.

आता मुद्दा. जानेवारीत जुन्या गाड्यांचा मेळावा पाहायला गेलो होतो. तिथे १९३८ च्या गाडीचा एक मालक भेटला. त्याच्या पॉलिसीत किंमत आधीच उभयतांनी मान्य करून लिहिलेली आहे. गाडी वर्षातून मोजक्याच वेळा बाहेर काढायची ही अट, आणि त्यामुळे हप्ताही कमी. मला अगदी तीच पॉलिसी हवी. माझी गाडी त्याच्या गाडीपेक्षाही कमी हिंडते. मग ती व्हिंटेज नाही ती कोणत्या तत्त्वाने?

हे माझ्या हट्टापुरतं असतं तर तुला त्रास दिला नसता. मंडळाच्या बैठकीत आमच्या इमारतीतल्या सलीलने, तो आता सचिव आहे, ठराव आणला की या वर्षी गणपती भाड्याच्या मॅटाडोरमधून न्यावा. मागे दिवे, दोन्ही बाजूंना स्पीकर, पोरं नाचणार. मी उठून बोललो. बाबांच्या अँबॅसडरपासून आपला गणपती मोटारीत पुढच्या सीटवर बसून जातो, जमलेल्यांतल्या ज्येष्ठ माणसाच्या मांडीवर, आणि सीटबेल्ट आल्यापासून दोघांना मिळून एकच पट्टा. पन्नासेक वर्षं गणपतीची गाडी मीच चालवतो आहे. देवाला टेम्पोत उभा करून त्याच्यापुढे बेंबीच्या देठापासून ओरडणं म्हणजे भक्ती असेल, तर ती मला मान्य नाही. बरंच बोललो. टाळ्याही पडल्या. सलील शांतपणे म्हणाला, "काका, गाडीचा पुरा विमा दाखवा, मग ठरवू." तेव्हा असं ठरलं आहे: विमा झाला तर गणपती माझ्या गाडीतून, नाही झाला तर मॅटाडोर.

गाडीची तब्येत विचारशील. इंजिन असं राखलं आहे की चालू झालं तरी चाहूल लागत नाही. परवा चालू गाडीचीच किल्ली मी पुन्हा फिरवली. हॉर्न मात्र कुचकामी निघाला. नवा बसवला, तोही मवाळ. तो बदलून दुसरा आणला, तोही तसाच. आजचा कारखानदार आवाजातसुद्धा काटकसर करतो.

उत्तर पत्राने दे. फोन नको. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, पत्रात माणसाला आपल्या शब्दाला जामीन राहावं लागतं.

तुझा
श्यामकाका


पुणे
२१ जुलै २०२५

श्यामकाका,

नमस्कार. खात्याच्या वतीने ऐकून घेतलं. आता खात्याच्या वतीने उत्तर.

मेळाव्यातल्या माणसाची पॉलिसी तुम्हाला मिळणार नाही. आमच्या जुन्या दरपत्रकात व्हिंटेज म्हणजे १९४० संपायच्या आत बनलेली गाडी, आणि तसा दाखला अशा गाड्यांच्या क्लबाने द्यावा लागतो. परिवहन खात्याचा नवा नियम थोडा उदार आहे, तो पन्नास वर्षांवर मानतो. म्हणजे तुमच्या करड्या गाडीला २०६३ उजाडावं लागेल. तोवर तिचा मालक एकशे चौदा वर्षांचा असेल आणि बहुधा तेव्हाही बैठकीत उठून बोलत असेल.

परदेशात अलीकडच्या, क्वचित वापरल्या जाणाऱ्या गाड्यांनाही तशा धर्तीची पॉलिसी देणाऱ्या कंपन्या आहेत असं वाचते. आपल्याकडे नाही. पण तुम्हाला जे हवं आहे ते दुसऱ्या दोन दारांनी मिळेल.

पहिलं दार किलोमीटरचं. आता काही कंपन्या वर्षात किती चालवणार ते आधी विचारतात आणि त्या टप्प्याप्रमाणे हप्ता लावतात. सुरुवातीला मीटरचा फोटो द्यायचा. कमी चालली तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा भाग स्वस्त होतो. दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्या भरपाईसाठीचा भाग मात्र सगळ्यांना सारखा. गाडी कापडाखाली उभी असली तरी तो सुटत नाही, आणि सुटू नये.

दुसरं दार तुम्हाला आवडेल. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते, असं नियमातच आहे. नूतनीकरणाच्या कागदावर छापून येतो तो कंपनीने सुचवलेला आकडा. आपण मुकाट्याने पैसे भरले की तीच सहमती धरली जाते. कुणी भांडायला जात नाही, म्हणून भांडता येतं हेच लोकांना ठाऊक नाही. तुम्ही जा. गाडीचे फोटो आणि सर्व्हिसिंगची बिलं घेऊन जा. भाषण लहान ठेवा.

एकच सांगते, नोकरीत शिकलेलं. प्रस्तावाच्या फॉर्मवर जे विचारतील ते खरं लिहा. गाडीच्या आधी माणसाच्या सांगण्यावर विमा उभा असतो. तो फॉर्म भरलात की सही करण्यापूर्वी मला एक प्रत पाठवा.

एक तक्रार माझीही आहे. एप्रिलमध्ये आणि पुन्हा तुमच्या वाढदिवसाला मी फोन केले होते. नुसती घंटा वाजत राहिली. पत्रांबद्दलचं तत्त्व समजलं, पण वाढदिवसापुरती त्यातून सूट असू द्या. वृंदाकाकू असती तर तिने उचलला असता.

लहानपणी त्या अँबॅसडरच्या मागच्या सीटवर आरतीचं तबक सांभाळत मी बसायचे. श्यामबाजारच्या नाक्यावर गाडी वळली की निरांजन कलंडायचं आणि तुम्ही पुढून ओरडायचात. मॅटाडोर मलाही नको आहे.

विनीता


सॉल्ट लेक, कोलकाता
२९ जुलै २०२५

चि. विनीता,

विजय झाला आहे. तपशील सांगतो.

कचेरीत समाद्दार नावाचे अधिकारी होते. चष्मा कपाळावर, डबा अर्धा उघडा. मी खुर्चीवर बसताच सांगितलं, "तोंडी काही चालणार नाही. मी बोलेन, तुम्ही लिहून उत्तर द्या. मला लेखी हवं." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एक कोरा कागद ओढला. मी बोललो. तुझ्या सांगण्याप्रमाणे लहानच बोललो, त्यांचा डबा निवला एवढंच.

त्यांनी कागदावर लिहिलं, "गाडी जुनी आहे."

मी म्हटलं, "ताजमहालाचा घसारा काढलात कधी?"

त्यांनी लिहिलं, "ताजमहाल रस्त्यावर येत नाही."

बरा माणूस आहे. मी सर्व्हिसिंगची बिलं पुढे ठेवली, फोटो ठेवले, सहमतीचा नियम ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, आत जाऊन कुणाला तरी विचारून आले आणि नवा आकडा लिहून कागद माझ्याकडे सरकवला. मी तो खोडून वरचा लिहिला. त्यांनी तो खोडून मधला लिहिला. त्या मधल्यावर आम्ही हात मिळवले. किलोमीटरचा सगळ्यात खालचा टप्पा मिळाला. निघताना त्यांनी कागदावर लिहिलं, "तुमच्यासारखे रोज दोन आले तर आम्हाला कुलूप लावावं लागेल." आणि त्याखाली, "चहा?"

बागबाजारला एके काळी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला होता, हे तुला मी शाळेच्या वयात दहा वेळा सांगितलं आहे. ती भीती पूर्ण गेलेली नाही असं दिसतं.

तुझ्या हुकमाप्रमाणे भरलेल्या फॉर्मची प्रत सोबत आहे. सही बाकी. त्यात काही लपवलेलं नाही. मे महिन्यात बजबजच्या रस्त्यावर आरसा गेला तोही लिहिला आहे. तो प्रकार असा की मी सरळ चाललो होतो आणि उजवीकडून एक ट्रक, हॉर्न नाही, सूचना नाही, घासून गेला. आरसा उडाला. ट्रकवाला पुढे थांबून बराच वेळ हातवारे करत होता. चूक स्वतःची असली की माणूस असाच हातवारे करतो. मी दावा केला नाही.

तसं म्हटलं तर गाडी चालवायला कलकत्ता आता पूर्वीपेक्षा बरं झालं आहे. हे तुला खोटं वाटेल. पण गेल्या एक-दोन वर्षांत लोकांनी हॉर्न वाजवणं पुष्कळ कमी केलं आहे. उल्टाडांग्याच्या पुलाखालीसुद्धा शांतता असते. नागरिक घडायला वेळ लागतो, पण घडतो, हे मी नेहमी म्हणत आलो.

सलीलला सांगितलं, विमा होतो आहे. तो म्हणाला, कागद हातात येऊ दे. त्याची मुलगी यामिनी शेजारी होती. ती नुकतीच गाडी शिकली आहे, तर म्हणते, "दादू, एकदा मला चालवू द्या ना." मी म्हटलं, माझ्यानंतर.

श्यामकाका


पुणे
५ ऑगस्ट २०२५

श्यामकाका,

आकड्याबद्दल अभिनंदन. आमच्या कचेरीत मी समाद्दारबाबूंची गोष्ट सांगितली, सगळे खूष झाले.

आता हे पत्र तुम्ही बसून वाचा. फॉर्मवर सही करू नका.

माझं काम काय आहे हे तुम्हाला नीट माहीत नाही. लोक आपल्या हाताने लिहितात की अपघात कसा झाला, आणि मी ते वाचते. तीस वर्षं वाचते आहे. खोटं लिहिणारे थोडे असतात. बहुतेक जण खरंच लिहितात, पण त्यांना जे समजलं नाही तेही त्यांच्या वाक्यांत येऊन बसलेलं असतं.

तुम्ही लिहिलंत की चालू गाडीची किल्ली पुन्हा फिरवली. चालू इंजिनावर किल्ली फिरवली की स्टार्टर किंचाळतो, काका. अख्ख्या इमारतीला ऐकू जातो. तुम्ही ते इंजिनाची स्तुती म्हणून लिहिलंत. तीन हॉर्न तुम्हाला मवाळ वाटले. ट्रकने हॉर्न दिला नाही म्हणता, पण तो पुढे थांबून हातवारे करत होता. पळून जाणारा ट्रकवाला मला माहीत आहे, थांबून हातवारे करणारा बहुधा आधी बराच वेळ हॉर्न वाजवून दमलेला असतो. समाद्दारबाबूंकडून सगळं कागदावर लिहून घेतलंत. फोन नको म्हणता. आणि उल्टाडांग्याच्या पुलाखाली शांतता आहे. मी फेब्रुवारीत सुमनमावशीच्या श्राद्धाला उभ्या उभ्या आले होते, तुमच्याकडे यायलाही जमलं नाही. त्या पुलाखाली टॅक्सीत बसून मी कानांवर हात ठेवले होते.

फॉर्मवर प्रश्न आहे: चालकाच्या दृष्टीत, श्रवणात किंवा शरीरात काही दोष आहे का? तुम्ही 'नाही' लिहिलं आहे. मला वाटत नाही की तुम्ही खोटं लिहिलंत. मला वाटतं, तुम्हाला माहीत नाही. किंवा थोडं माहीत आहे आणि पुढचं तुम्ही विचारलं नाही.

कमी ऐकू येणाऱ्याला गाडी चालवता येत नाही असं मी म्हणत नाही. ज्यांना मुळीच ऐकू येत नाही त्यांनाही आपल्या देशात परवाना मिळतो, आणि ते नीट चालवतात. कारण त्यांना ठाऊक असतं. ते आरशांवर सारखी नजर ठेवतात. आपल्याला ऐकू येतं असं समजून जो आरसा पाहत नाही, भीती त्याची वाटते. त्या दिवशी आरसा गेला. उद्या मांडीवर गणपती घेऊन कुणीतरी तुमच्या शेजारी बसलेलं असेल.

पटत नसेल तर सोपी परीक्षा आहे. गाडी जागेवर उभी ठेवा. यामिनीला आत बसवा. तुम्ही मागे जाऊन पाठ करून उभे राहा. तिने हॉर्न वाजवला आणि तो ऐकू आला की हात वर करायचा. एवढं करा आणि मग फॉर्मवर जे खरं ते लिहून सही करा. नाही केलंत तर मी सलीलला पत्र लिहीन. हे तुम्हाला आधी सांगून करते आहे, मागून नाही.

विनीता


सॉल्ट लेक, कोलकाता
१२ ऑगस्ट २०२५

विनीता,

मी बहिरा नाही. मी लक्ष देऊन ऐकतो आणि ज्यात अर्थ नाही ते ऐकत नाही, इतकंच. मैदानावरच्या सभेत मागच्या रांगेत कोण माझ्याविरुद्ध कुजबुजतो हे मी बोलता बोलता टिपायचो. तू माझी पत्रं तपासलीस, जशी एखाद्या लबाड दावेदाराची तपासावी. पुतणीला लिहिली होती ती, सर्वेक्षकाला नव्हे.

वय झालं की माणसाकडून एकेक वस्तू काढून घ्यायची, आधी व्यासपीठ, मग गाडी, मग घराची किल्ली, आणि प्रत्येक वेळी म्हणायचं की तुमच्याच भल्यासाठी. सत्तेची ही भाषा मी फार जवळून पाहिली आहे. ती घरातून ऐकावी लागेल असं वाटलं नव्हतं.

सलीलला खुशाल लिही. माझ्या बाजूने हा पत्रव्यवहार संपला.

श्याम


प्रेषक: यामिनी
१९ ऑगस्ट २०२५

विनीता आत्या,

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, घरात बोलतो तेवढंच, समजून घ्या. तुमचा इमेल बाबांकडून घेतला. दादूंना सांगितलं नाही. नाही, सांगते खरं, त्यांनीच सांगितलं, "तिला लिही, मला लिहिता येत नाही." म्हणजे हाताने येतं. तसं नाही.

रविवारी सकाळी ते खाली आले. हातात तुमचं पत्र होतं. म्हणाले, "चल, तुझ्या आत्याला खोटं पाडायचं आहे. तू साक्षीदार." गाडीवरचं कापड आम्ही दोघांनी काढलं. मी आत बसले. दादू मागे गेले, गेटकडे तोंड करून उभे राहिले, छडी काखेत, एक हात तयार ठेवून. शाळेत ड्रिलला उभे राहतात तसे.

मी हॉर्न वाजवला. हात वर झाला नाही. मला वाटलं माझंच चुकलं, परत वाजवला, मोठा. पहिल्या मजल्याच्या काकीमा बाल्कनीत आल्या. जिन्याखालचं कुत्रं उठून गेलं. मी हात दाबून धरला, आत्या, खूप वेळ. दरवान धावत आला आणि मला बंगालीत ओरडला, लोक झोपलेत, वेड लागलं का. दादू तसेच उभे, गेटकडे बघत.

मग ते वळले आणि मला म्हणाले, "अगं, सुरू कर ना आता."

त्यांनी दरवानाकडे बघितलं, काकीमांकडे बघितलं, मग माझा हात हॉर्नवर आहे तो बघितला. मग गाडीजवळ आले, कापडाचं एक टोक मला दिलं. आम्ही गाडी झाकली. दादू बोलत नाहीत हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. जसं झालं तसं, एक पण गोष्ट सोडली नाही. बाबा रडायला आले होते. दादू म्हणाले, "मॅटाडोर सांग. माझा शब्द मागे." बाबा म्हणाले, "काका, अजून वेळ आहे."

आता काय करायचं ते तुम्ही सांगा. ३० तारीख जवळ आली.

यामिनी


पुणे
२१ ऑगस्ट २०२५

श्यामकाका,

तुमच्या बाजूने पत्रव्यवहार संपला आहे, माझ्या बाजूने नाही. यामिनीच्या हाती देते आहे, ती छापून आणून देईल.

मी खूष झालेली नाही, हे आधी सांगते. खोटी पडले असते तर बरं झालं असतं.

कामाचं असं. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. मालकाच्या संमतीने, परवाना असलेला कुणीही ती चालवू शकतो. फॉर्मवर नेहमीचा चालक म्हणून यामिनीचं नाव घाला, तुमच्या नावापुढे जे खरं ते लिहा. समाद्दारबाबूंशी ठरलेला आकडा त्याने बदलत नाही, कारण गाडी तीच आहे आणि तुम्ही तिला जपलं आहे. ३० च्या आत पैसे भरा. विम्यात एक दिवसाचा खंड पडला तरी पुन्हा तपासणी आणि पुन्हा भांडण. दुसरं, सॉल्ट लेकमध्येच कानाचे डॉक्टर असतील. सलील बरोबर येईल.

तुम्ही लिहिलंत की वय झालं की एकेक वस्तू काढून घेतात. ते खरं आहे, मी रोज पाहते. पण या वेळी कुणी काढून घेतलं नाही. तुम्ही गेटकडे तोंड करून उभे राहिलात, आणि सलीलच्या घरी जाऊन त्याला स्वतः सांगितलंत. सांगितलं नसतंत तर यामिनी बोलली नसती, हे तुम्हालाही माहीत होतं.

विनीता


सॉल्ट लेक, कोलकाता
८ सप्टेंबर २०२५

चि. विनीता,

आशीर्वाद. या वेळी भांडण नाही, त्यामुळे पत्र कुठून सुरू करावं हे कळायला जरा वेळ लागला.

विम्याचा कागद २८ ला हातात आला. फॉर्मवर 'होय' लिहिलं आणि पुढे कोणता कान किती, ते डॉक्टरांच्या कागदावरून उतरवलं. समाद्दारबाबूंनी वाचलं आणि सवयीने कोरा कागद पुढे ओढला. मी म्हटलं, "बोला, आता थोडं ऐकू येतं." ते बोलले. त्यांचा आवाज इतका बारीक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी मनात त्यांना भारदस्त आवाज दिला होता.

यंत्र दोन्ही कानांत आहे, सध्या अजमावून पाहायला दिलेलं. आवडलं नाही. भांड्याचा आवाज कानात खिळ्यासारखा शिरतो. पण डॉक्टर म्हणाले, कानाला पुन्हा शिकावं लागतं, आणि शिकण्याविरुद्ध बोलायला माझ्याजवळ काही मुद्दा नाही.

सलीलने मॅटाडोर ठरवला नाही. बैठकीत त्यानेच विम्याचा कागद वाचून दाखवला. त्यानंतर मी उभा राहून जे होतं ते सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं केलं.

चतुर्दशीला यामिनी चाकामागे बसली. मी सवयीने उजव्या दाराशी गेलो, मग वळसा घालून डावीकडे आलो. गेली दोन वर्षं वृंदाच्या जागी मंडळातल्या अलकावहिनी मांडीवर गणपती घेत. या वेळी त्यांनी हात झटकले. म्हणाल्या, "भाऊजी, माझ्यापेक्षा तुम्ही चार वर्षांनी मोठे. मान तुमचा होता, इतकी वर्षं चाकामागे लपलात." मूर्ती माझ्या मांडीवर ठेवली, पट्टा दोघांवरून ओढला. पन्नास वर्षं मी त्या गणपतीच्या शेजारी बसलो आणि एकदाही त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहत होतो. हातभर मूर्ती, पण जड असते. वृंदाचे पाय घाटावर उतरताना बधिर झालेले असत आणि मी तिला घाई करायचो.

पोरगी चांगली चालवते. वळण घेण्याआधी तीनदा आरशात पाहते. श्यामबाजारच्या नाक्यावर मागच्या सीटवरचं निरांजन कलंडलं, मी ओरडलो, ती म्हणाली, "दादू, तुम्ही पुढे बघा." घाटावर मी पायरीपर्यंत मूर्ती हातात नेली. पाण्यात सलील आणि मंडळातला आशिष उतरले.

शहराविषयीचं माझं विधान मागे घेतो. नागरिक मुळीच घडलेला नाही. उल्टाडांग्याच्या पुलाखाली मी यंत्र काढून खिशात ठेवणार होतो. ठेवलं नाही. एका बसवाल्याने आमच्या मागे येऊन जो हॉर्न दिला, त्याने मी पट्ट्यासकट उडालो. यामिनी हसली. मीही हसलो, पण मला त्या ट्रकवाल्याची आठवण झाली. तो उन्हात थांबून इतका वेळ हात हलवत होता, आणि मी त्याला तुझ्यापुढे गुन्हेगार ठरवून मोकळा झालो.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. वृंदा गेली आणि घर गप्प झालं. मला वाटलं, हे असंच असतं, बायको गेलेल्या माणसाचं घर. पंखा गप्प, नळ गप्प, स्वयंपाकघर गप्प. ती शांतता मी तिची म्हणून सांभाळली, कुणाला मोडू दिली नाही, आणि फोन वाजत नाही म्हणजे कुणी करत नाही असंच धरून चाललो. परवा यंत्र लावून घरी आलो तर पंखा कुरकुरत होता. नळ ठिबकत होता. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं, त्याला मी बंद पडलं समजून दोनदा सेल बदलला होता. तिच्या जाण्याने किती गेलं आणि माझ्या कानांनी किती नेलं, ते आता वेगळं काढता येणार नाही. 

किलोमीटरचा खालचा टप्पा पुरेल. बजबजच्या फेरीला यामिनी रविवारी नेते म्हणाली. डॉक्टरांनी परवानगी दिली तर थंडीत मीही इमारतीच्या आवारात चाकामागे बसून पाहीन, आरशाकडे लक्ष ठेवून. नाही दिली तर तसं. गाडी व्हिंटेज व्हायला अजून अडतीस वर्षं आहेत, तिला कुणीतरी चालवत राहायला हवं.

फोनबद्दल मी जे लिहिलं होतं, पत्रात माणूस शब्दाला जामीन राहतो वगैरे, ते तत्त्व म्हणून अजून मानतो. पण येत्या रविवारी सकाळी तू फोन कर. लगेच उचलला नाही तर ठेवू नकोस. मी तिथेच असेन. थोडा वेळ वाजू देणार आहे.

तुझा
श्यामकाका